अक्षरे कोणी वाचायची?
(शिरीन नेशात : छायाचित्रांकडून चित्रपटाकडे)

इराणी चित्रपट म्हटला की आपल्या वाचकांना अब्बास किआरोस्तामी, मजीद मजीदी ही नावे आठवतात. शिरीन नेशात हे नाव सहसा आठवत नाही. ती इराणी असली तरी तिची कारकीर्द इराणबाहेर घडली, आणि तिची ओळख प्रथम झाली ती चित्रपटामुळे नव्हे, तर वादग्रस्त छायाचित्रांमुळे. ती छायाचित्रे एकदा पाहिली की विसरता येत नाहीत. काळ्या चादरीतली एक स्त्री, तिच्या चेहऱ्याचे दोन भाग करणारी बंदुकीची उभी नळी, आणि त्या चेहऱ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेला फारसी मजकूर.

नेशातचा जन्म १९५७ चा, कझवीन शहरातला. वडील डॉक्टर, पाश्चात्त्य राहणीचे चाहते. सत्तरच्या दशकात तिला शिकायला अमेरिकेत पाठवले गेले. मागे १९७९ ची क्रांती झाली, पुढे इराकशी आठ वर्षे युद्ध चालले आणि घरची वाट बंद झाली. बर्कले येथे कलेचे शिक्षण घेऊनही तिने नंतर कित्येक वर्षे स्वतःचे असे काही काम केले नाही. १९९० मध्ये ती इराणला परतली तेव्हा सोडून गेलेला देश जागेवर नव्हता. त्या धक्क्यातून १९९३ ते १९९७ या काळात ‘विमेन ऑफ अल्लाह’ ही मालिका उभी राहिली.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. यातील बहुतेक छायाचित्रांत नेशात स्वतः कॅमेऱ्यासमोर आहे, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे. तिचा हात चालतो तो नंतर, छापलेल्या चित्रावर शाईने अक्षरे काढताना. म्हणजे तिला छायाचित्रकार म्हणण्यापेक्षा कातिब म्हणणे आम्हाला अधिक बरोबर वाटते.

आणि आमचा मुद्दा या अक्षरांचाच आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. फारसी आम्हाला पूर्ण येते असे नव्हे. पण लिपी आपलीच, आणि बाग, दिल, खून, चश्म हे शब्दही आपलेच. आमच्या सातवीतल्या मुलीलाही ही अक्षरे लावता येतील. न्यूयॉर्कच्या दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला ती येत नाहीत. त्याच्यासाठी ती केवळ नक्षी. चादर आणि बंदूक शेजारी दिसली की तो मजकूर कुराणातलाच असणार, असे पुष्कळांनी धरून चालले. वास्तविक त्या कविता आहेत, आणि त्याही स्त्रियांच्या. कुठे फरोग फर्रुखजाद आहे : वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, १९६७ मध्ये, मोटार अपघातात गेलेली, स्त्रीच्या इच्छेविषयी इतके उघड लिहिणारी की तिच्या हयातीतच गदारोळ झाला. तिची मरणपंथाला लागलेल्या बागेवरची कविता नेशातने डोळ्याच्या पांढऱ्या भागात लिहिली आहे. कुठे ताहिरा सफ्फारजादे आहे : क्रांतीच्या बाजूची, शहीदांविषयी आस्थेने लिहिणारी, पुढे कुराणाचा अनुवाद करणारी. दोघींचे एकमत होणे कठीण. एकाच चादरीखाली असा वाद चालू आहे, आणि तो फक्त वाचता येणाऱ्यालाच ऐकू येतो.

नेशातवर आरोप दोन्हीकडून झाले. कोणी म्हणाले, ही हिंसेला सौंदर्य देते. कोणी म्हणाले, पाश्चात्त्यांना मुसलमान बाई जशी पाहायला आवडते तशीच ही दाखवते. दुसरा आरोप आम्हाला झटकून टाकता येत नाही. बंदुकीसह बुरखा हे चित्र जगभर फिरते आणि त्याचा भार शेवटी बाजारात जाणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या साध्या मुलींवर पडतो. २०२२ साली तेहरानमध्ये हिजाबच्या सक्तीवरून पकडलेली महसा अमिनी कोठडीत मरण पावली, आणि त्याच वर्षी कर्नाटकात हिजाब घातला म्हणून मुलींना कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे राहावे लागले. दोन्हीकडे मुलीचे म्हणणे कोणी विचारले नाही. कवितेचा अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही हे नेशातला कळत नव्हते असे कसे म्हणावे? न कळण्यातले गूढ तिच्या चित्रांच्या कामी आले, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

म्हणूनच तिचे पुढचे वळण आम्हाला महत्त्वाचे वाटते. १९९८ च्या ‘टर्ब्युलंट’मध्ये समोरासमोर दोन पडदे आहेत. एकावर एक पुरुष भरलेल्या सभागृहाकडे पाठ करून मौलाना रूमींचे कलाम गातो. आवाज शहराम नाझिरी यांचा. टाळ्या पडतात. मग दुसऱ्या पडद्यावर, रिकाम्या खुर्च्यांपुढे, सुसन देयहिम गाऊ लागते. तिच्या गाण्याला शब्दच नाहीत. श्वास, हुंकार, किंकाळी. इराणमध्ये क्रांतीनंतर पुरुष श्रोत्यांपुढे स्त्रीने एकटीने गाण्यास बंदी आली, ती येथे एकही घोषणा न देता उभी राहते. येथे लिपी येणारा आणि न येणारा एकाच पातळीवर येतो. १९९९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात या कामाला सुवर्णसिंह मिळाला. नेशातचे सर्वोत्तम काम हेच, असे आमचे मत आहे.

पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘विमेन विदाउट मेन’ २००९ चा. त्याला व्हेनिस महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्यसिंह लाभला. मूळ कादंबरी शहरनूश पारसीपूर यांची. ती १९८९ मध्ये निघाली, तिच्यावर बंदी आली आणि लेखिकेला तुरुंग पाहावा लागला. काळ १९५३ चा, अमेरिका व ब्रिटन यांच्या मदतीने मोसद्देक यांचे सरकार उलथवले गेले तो. तेहरान उभे केले आहे मोरोक्कोत. हमाममध्ये स्वतःचे अंग रक्त येईतो घासणारी झरीन हे दृश्य अंगावर येते. पण बाकी ठिकाणी छायाचित्रकाराचा डोळा दिग्दर्शकाला पुढे जाऊ देत नाही. प्रत्येक चौकट भिंतीवर टांगण्याजोगी, आणि पात्रे त्यात अडकलेली. पारसीपूर यांच्या लिखाणातला खट्याळपणा तर वाटेत कुठेतरी गळूनच गेला आहे. तरीही एक मान्य करू : या स्त्रिया बोलतात. रेडिओला कान लावून बसलेली मुनिस राजकारणावर बोलते, आणि खाली भाषांतर येते.

२०१७ च्या ‘लुकिंग फॉर उम्म कुलसूम’मध्ये एक इराणी दिग्दर्शिका मिसरच्या त्या थोर गायिकेवर चित्रपट काढू पाहते आणि तिला ते साधत नाही. चित्रपट विस्कळीत आहे, पण परक्या भाषेतल्या स्त्रीला आपण किती ओळखतो हा प्रश्न तो लपवत नाही.

त्यानंतरचे ‘लँड ऑफ ड्रीम्स’ आधी छायाचित्रे म्हणून आले, मग २०२१ मध्ये चित्रपट म्हणून. चित्रपटात जनगणना खात्यातली सिमीन ही इराणी तरुणी घरोघर जाऊन अमेरिकी लोकांची स्वप्ने टिपून घेते आणि घरी आल्यावर त्यांच्यासारखा वेश करून ती फारसीत सांगते. छायाचित्रांतले चेहरे न्यू मेक्सिकोतल्या साध्या माणसांचे आहेत. यांतल्या काही चित्रांवर त्या माणसांनी सांगितलेली स्वप्ने नेशातने फारसी अक्षरांत लिहून ठेवली आहेत. ज्यांची ती स्वप्ने, त्यांनाच आता ती वाचता येत नाहीत.