आर्टिझन कोणाला म्हणायचं?

लंडनमध्ये येऊन तुम्हाला सहा महिने झाले असतील, तर एव्हाना कोणीतरी 'ती' यादी पाठवली असेलच. बरो मार्केट, ब्रॉडवे मार्केट, माल्टबी स्ट्रीट. यादी एखाद्या मराठी व्लॉगमधून आलेली असो की ऑफिसातल्या मैत्रिणीकडून, ठिकाणं साधारण तीच असतात आणि विशेषणंही तीच दोन: 'लोकल' आणि 'आर्टिझन'. लोकल मध, आर्टिझन पाव, लोकल चीज, आर्टिझन लोणचं. एपिसोडमध्ये बाजारांच्या अर्थकारणावर भरपूर बोलून झालंय. इथे मला फक्त या दोन शब्दांकडे बघायचंय, कारण शहरातला कुठला बाजार 'बघण्यासारखा' ठरतो आणि कुठला नुसता 'स्वस्त' ठरतो, हे बऱ्याच अंशी हेच शब्द ठरवतात.

आधी 'आर्टिझन' घेऊ. ब्रिटनच्या कायद्यात या शब्दाला व्याख्याच नाही. 'रिअल ब्रेड कॅम्पेन' ही मोहीम २००८ पासून म्हणतेय की सुपरमार्केटातल्या, कारखान्यात अर्धवट भाजून आणलेल्या पावाला कोणीही आर्टिझन म्हणू नये. पण आजही कोणालाही तसं म्हणता येतं. अमेरिकेत २०१५ मध्ये मॅकडॉनल्ड्सने चिकनच्या एका तुकड्याला हे विशेषण लावलं होतं, म्हणजे शब्दाची काय अवस्था झालीय बघा.

म्हणून बरो मार्केट हे सगळं नाटक आहे असं म्हणण्याचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. बरो १७५६ पासून आत्ताच्या जागी आहे, आणि त्याच्या आधीच्या बाजाराचा इतिहास हजार वर्षं मागे नेला जातो. लोखंडी छपराखाली दीर्घकाळ घाऊक भाजी विकली जायची. १९७४ मध्ये कोव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार नाइन एल्म्सला गेला, सुपरमार्केटं वाढली आणि बरोचा धंदा बसला. आज आपण जे बघतो ते १९९० च्या दशकाच्या शेवटी उभं राहिलंय. म्हणजे बाजार जुना, पण त्याचं हे रूप तुमच्याएवढंच किंवा तुमच्याहूनही लहान.

या नव्या रूपात एक गोष्ट खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'नील्स यार्ड डेअरी'सारख्या दुकानांनी ब्रिटनमधलं शेतावरचं चीज अक्षरशः जगवलं. तिथे चीज विकताना ते कुठल्या शेतावर, कोणी बनवलं हे सांगितलं जातं. ऑक्टोबर २०२४ मधली चोरी आठवतेय? कोणीतरी मोठ्या फ्रेंच विक्रेत्याचा घाऊक वितरक असल्याचं भासवून या डेअरीकडून तब्बल २२ टन चेडर उचललं. माल तीन लाख पाउंडांहून जास्त किमतीचा होता. हसू येतं खरं, पण पुढचं महत्त्वाचं: फसवणूक कळल्यावरही डेअरीने चीज बनवणाऱ्यांचे पैसे पूर्ण दिले. बनवणाऱ्याचं नाव सांगणं आणि नुकसान झालं तरी त्याचे पैसे न बुडवणं, ही 'आर्टिझन'ची माझ्या मते चांगली व्याख्या आहे. फरशी, फळा आणि खडूची अक्षरं नंतर.

आता हीच व्याख्या घेऊन आपल्याकडे या. मराठीत या शब्दाला 'कारागीर' आहे, आणि जुन्या कागदपत्रांत 'कारू-नारू' आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार. आपल्याकडे कारागिरी ही कधीच नुसती हौस किंवा करिअरमधला बदल नव्हती. ती जात होती. बँकेतली नोकरी सोडून पाव भाजायला लागलेला लंडनचा तरुण 'आर्टिझन' होतो तेव्हा तो शब्द त्याला वर चढवतो. कोल्हापुरात बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्यावर रापी चालवणाऱ्या माणसाला मात्र त्याच कामाने पिढ्यान् पिढ्या गावाच्या कडेला ठेवलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचं नावही नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. आपण सगळ्यांनी ती पोस्ट चिडून शेअर केली. चिडणं बरोबरच होतं. पण 'आपली कोल्हापुरी' म्हणताना त्या 'आपली'मध्ये चर्मकार समाज किती होता, हा प्रश्न त्या पोस्टखाली फार कमी जणांनी विचारला.

आणि इथे ब्रिटनमध्ये आपले कारागीर कोण? बाजारात शोधू नका, बहुतेक तिथे नाहीत. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. गणपतीत उकडीचे मोदक, होळीला पुरणपोळी आणि दिवाळीत फराळ. यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या आहेत आणि स्वतःची नोकरी तिकडे सोडून आल्यात. भाजणीची चकली घ्या. तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, मूगडाळ, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजायचं, दळायचं, उकड घ्यायची, मळायचं, सोऱ्याने पाडायचं, मंद आचेवर तळायचं. मोहन कमी पडलं तर कडक, जास्त झालं तर तेलात विरघळणार. हे हाताला कळावं लागतं. समजा एक किलोला सगळं धरून दोन तास लागले. एप्रिल २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड झालं होतं, तोच दर धरू. म्हणजे नुसती मजुरी २४ पाउंड ४२ पेन्स, तेल, डाळ, गॅस वेगळं. या हिशेबाने सांगितलेला भाव ग्रुपवर टाकून बघा. 'ताई, जरा जास्त नाही का होत?' तोच माणूस शनिवारी सावरडोच्या एका लोफला पाच-सहा पाउंड मुकाट देतो, वर फोटो काढतो.

मी इथे कोणाला लाजवत नाहीये. आपल्याला असं वाटतं यामागे कारण आहे: फराळ ही घरातल्या बाईने फुकट करायची गोष्ट, हे डोक्यात पक्कं बसलंय. देश बदलला तरी ते पुसलं जात नाही. (आणि तुम्हीच बनवून विकणार असाल तर हे लक्षात ठेवा: सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करायची असते. ती फुकट असते. कौन्सिलचा माणूस घरचं स्वयंपाकघर बघायला येतो, पण तो ओट्यावरच्या देव्हाऱ्याबद्दल काही बोलत नाही.)

घरातून बाहेर पडून दुकान थाटलेल्यांची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. २०१० मध्ये, मंदीत नोकरी गेल्यावर, मुंबईत एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन मित्रांनी हौन्सलोत एका कॅफेतली थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली, एका पाउंडाला एक. तेच आजचं 'श्री कृष्णा वडापाव'. त्याच २०१० मध्ये मध्य लंडनमध्ये 'डिशूम' उघडलं. दोन्ही ठिकाणी विकली जाते ती मुंबईच. डिशूमचं जेवण चांगलं आहे, आणि इराणी कॅफेंबद्दल त्यांनी मनापासून लिहिलंय. पण दोघांबद्दल आपण काय बोलतो ते ऐका. डिशूमबद्दल बोलताना आपण वातावरण, कथा, स्मृती असे शब्द काढतो. हौन्सलोबद्दल बोलताना 'स्वस्त आणि मस्त' एवढ्यावर थांबतो. वड्याचं आवरण पातळ आणि कुरकुरीत कसं ठेवलं, लसणाच्या चटणीत खोबरं किती, पाव कुठून येतो, हे प्रश्न आपण पावाच्या सावरडोला विचारतो. वडापावाला विचारत नाही.

आता 'लोकल'. या शब्दाची निदान एका ठिकाणी नीट व्याख्या आहे. १९९९ पासून चालणाऱ्या 'लंडन फार्मर्स मार्केट्स'चा नियम असा: माल एम-२५ रस्त्यापासून शंभर मैलांच्या आत पिकलेला हवा आणि विकणारा स्वतः पिकवणारा हवा. स्पष्ट नियम आहे, मला आवडतो. पण तो शेतकऱ्यासाठी आहे. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाचं 'लोकल' त्याने मोजता येत नाही.

२०१४ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी १ मे पासून, नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, युरोपियन युनियनने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी २०७ खेपांमध्ये फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या होत्या. बातम्या हापूसच्या झाल्या, खासदारांनी मोहीम चालवली आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. त्या यादीत आंब्याबरोबर आणखी चार नावं होती: वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. त्यांच्यासाठी कोणी अग्रलेख लिहिला नाही. त्यांची बंदी जास्त काळ राहिली. हापूसला प्रतिष्ठा आहे, अळूला नाही, आणि हा भेद ब्रसेल्सने नव्हे, आपणच केला.

अळू लंडनमध्ये कुठे शोधायचं? बरोत नाही. त्यासाठी अप्टन पार्क स्टेशनला उतरून ग्रीन स्ट्रीटवरच्या क्वीन्स मार्केटला जावं लागतं. या बाजारावर २००४ ते २००९ अशी काही वर्षं टांगती तलवार होती: बाजार पाडून सुपरमार्केट आणि उंच टॉवर बांधायचा बेत होता. २००६ मध्ये 'न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन'ने त्याचा अभ्यास केला. तीच खरेदी जवळच्या ॲस्डापेक्षा इथे सरासरी ५३ टक्के स्वस्त पडत होती, आणि दर चौरस मीटरमागे सुपरमार्केटच्या दुप्पट रोजगार होता. त्याच वर्षी ॲस्डाने माघार घेतली. तरी टॉवरचा बेत जिवंत राहिला, आणि २००९ मध्ये तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी परवानगी नाकारायला लावली तेव्हा तो थांबला. तोवर विक्रेते आणि गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं सह्या गोळा करत होते, सभांना बसत होते. शनिवारच्या यादीत नसल्याने त्या लढाईत बाहेरचे कोणी फारसे आले नाहीत.

यादीत आल्यावर काय होतं, तेही बघा. ब्रिक्स्टनच्या छत असलेल्या बाजारांना एप्रिल २०१० मध्ये वारसा म्हणून संरक्षण मिळालं. कारण नुसतं स्थापत्य नव्हतं. कॅरिबियनमधून आलेल्या लोकांनी तिथे जे जग उभं केलं, त्याचं महत्त्व निर्णयात धरलं होतं. फार चांगला निर्णय. त्याच सुमाराला रिकामे गाळे तीन महिने बिनभाड्याने देऊन नवे लोक आणले गेले. कॅफे आले, लेख आले, रांगा आल्या, मागोमाग भाडी वाढली. संरक्षण भिंतींना होतं, भाड्याला नव्हतं. ज्या लोकांमुळे तो वारसा ठरला, त्यांच्यासाठी तिथे टिकणं अवघड होत गेलं.

जुने बाजार मात्र भोळेपणाने गोड करू नयेत. पुण्याची मंडई आज आपल्याला जुनं वैभव वाटते. १८८० च्या दशकात तीच 'नवी योजना' होती: शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानातला बाजार उचलून तीन लाखांच्या इमारतीत न्यायचा. नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. त्यामुळे इमारत बघताना आधी तिथे कोण बसत होतं, आणि गाळ्याचं भाडं कोण ठरवतं, हे विचारण्याची सवय आपल्याला घरूनच असायला हवी.

क्वीन्स मार्केट मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी असतं. फळं-भाज्या वाडग्यात मांडलेल्या असतात, अख्खं वाडगं एका भावाला. पिशवी न्या. 'अळू' म्हणाल तर कोणाला कळणार नाही. बांगलादेशी विक्रेत्याकडे 'कोचू' म्हणा, गुजराती दुकानात 'पात्रा', कॅरिबियन दुकानात 'डॅशीन'. आणि जमैकन मावशी 'कॅललू' म्हणून जी जुडी पुढे करतील ती नीट बघून घ्या: तो माठ आहे, आपल्या माठाच्या कुळातला. लसणाची फोडणी देऊन करा. त्या कांदा, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरची घालून करतात. भाव कमी करायला सांगायच्या आधी ती कशी करतात हे विचारा. माझ्या अनुभवात त्यावर मागची रांग थांबवून उत्तर मिळतं.