जपानी स्त्रीचित्रांतील काव्य आणि संगीत : हारुनोबु व उतामारो

एदोकालीन काष्ठठसा चित्रांतील सुंदर स्त्रियांच्या चित्रांना 'बिजिन-गा' अशी संज्ञा आहे. त्यांमागे काव्य व संगीत यांची प्रेरणा आहे असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ही प्रेरणा चित्रात नेमकी कोठे वसते, हा खरा प्रश्न होय.

सुझुकी हारुनोबु याच्या हातून १७६५ मध्ये बहुरंगी छपाई रूढ झाली आणि लगोलग 'झाशिकी हाक्केई' म्हणजे 'दिवाणखान्यातील आठ दृश्ये' ही मालिका अवतरली. क्योसेन हे कविनाम धारण करणारा एक सामुराई तिचा पुरस्कर्ता होता. चीनमधील शियाओ व शियांग नद्यांची आठ दृश्ये हा जुना काव्यविषय येथे घरात आणला आहे. आरसा हा शरदातील चंद्र, घड्याळाचा ठोका ही सायंकाळची घंटा, तर कोतोच्या तेरा तारांखालील घोड्यांची तिरकी रांग म्हणजे उतरणारे रानहंस! एक तरुणी बोटांत नख्या चढवीत आहे. स्वर अजून उमटलेला नाही. कल्पना विलक्षण आहे. परंतु काव्य येथे वस्तूंना लाभले आहे, स्त्रियांना नव्हे. हारुनोबुचे सारे चेहरे जवळपास एकच असतात, आणि रसिक तरुणींकडे न पाहता कोडे सोडविण्यात रमतो.

कितागावा उतामारो (मृत्यू १८०६) याच्या १७९३-९४ च्या सुमारासच्या 'कासेन कोई नो बु' या मालिकेत दिशा पालटते. शीर्षक बादशाही काव्यसंग्रहांतील 'प्रेम' विभागाचे. चित्रांवर मात्र एकही कविता नाही. 'खोल दडविलेले प्रेम' या चित्रातील स्त्रीचे दात काळे रंगविलेले, मान झुकलेली आणि हाती लहानशी चिलीम आहे. कवितेचे वर्गीकरण येथे मनोवस्थेचे नाव बनते. हारुनोबुपेक्षा उतामारो श्रेष्ठ ठरतो तो येथेच.

तथापि या सौंदर्यपूजेमागे बाजारही होता. तोमिमोतो तोयोहिना ही योशिवारा या वेश्यावस्तीतील गेइशा तोमिमोतो गायकीसाठी ख्यात होती. करारांनी बांधलेल्या स्त्रियांच्या त्या वस्तीत गायन-वादन हे उपजीविकेचे कौशल्य होते. उतामारोने तिला 'तत्कालीन तीन सुंदरी' या चित्रात मध्यभागी स्थान दिले. पण तिच्या हाती शामिसेन दिले नाही. तिची ओळख पटते ती वस्त्रावरील फुलाच्या चिन्हावरून.