ताडोबाच्या लेखनातील अदृश्य माणूस

ताडोबावरील मराठी लेखन मी पुष्कळ वाचले आहे. त्यात वाघ येतो, तळे येते, पहाटेचे धुके येते. मोह वेचणारी बाई मात्र चित्राच्या कडेला, तीही जमलेच तर. ज्या तारूवरून हे नाव आले असे मानतात, तो गोंडांचा देव. दंतकथेनुसार तो गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला. म्हणजे या जंगलाची मूळ कथाच माणूस आणि वाघ अशी दोघांची. आमच्या पांढरपेशा निसर्गलेखकाने त्यातला एकच उचलला.

१९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरी, कोळसा, जामणी येथील कुटुंबे बाहेर वसवली गेली. प्लास्टिकबंदी चांगलीच आहे, तिला माझा विरोध नाही. पण पर्यटकाच्या जिप्सीला ‘पर्यावरणपूरक’ आणि गुराख्याला ‘अतिक्रमक’ म्हटले जाते, तेव्हा ही भाषा तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वन्यजीव अधिवासातून पुनर्वसनासाठी ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक केली. मला वाचायची आहे ती अशा एका ग्रामसभेची गोष्ट: तेथे कोण बोलले, कोण गप्प राहिले, आणि कागद कोणी वाचून दाखवला.