वारसा नेमका कोणाचा? हेनेसी घराणं आणि दोन ऋणं

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आज ब्रँडीवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण मला बोलायचं आहे ते बाटलीबरोबर विकल्या जाणाऱ्या 'घराण्याचा वारसा' या शब्दांबद्दल.

फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीकाठी कोन्याक नावाचं गाव आहे. फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात नोकरी केलेल्या रिचर्ड हेनेसी या आयरिश माणसाने तिथे १७६५ साली ब्रँडीची पेढी सुरू केली. म्हणजे फ्रेंच परंपरेचं हे प्रतीक मुळात परदेशी. पुढे १९७१ मध्ये ही पेढी मोएत अँड शाँदों या शँपेनवाल्यांशी जोडली गेली आणि १९८७ पासून ती एलव्हीएमएच या बड्या समूहात आहे. मालकी अशी पातळ झाल्यावर वारसा उरला कुठे?

चवीत, असं उत्तर मिळतं. ठीक आहे, मग चव कशी टिकते ते बघू. प्रामुख्याने युनी ब्लाँ जातीच्या द्राक्षांची आंबट वाइन तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढतात आणि ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. दरवर्षी अंदाजे दोन टक्के हवेत उडून जातं. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. दोन वर्षांचं पीक कधी सारखं नसतं, तरी बाटलीतली चव तीच लागते. कारण कुणीतरी पिंपापिंपातलं चाखून, निवडून त्याचं मिश्रण करतं.

आणि हे 'कुणीतरी' हेनेसी नव्हेत बरं का! दोनशेहून अधिक वर्षं हे काम फियू घराण्याकडे आहे. २०१७ साली यान फियू निवृत्त झाले आणि त्यांच्याच घरातले रेनो फियू द जिरोंद त्या जागी आले. ही आठवी पिढी. नाव एका घराण्याचं, जीभ दुसऱ्याची.

आपल्याकडे पितृऋण आणि ऋषिऋण अशी दोन वेगळी ऋणं सांगितली आहेत. पहिलं रक्ताचं, ते संतती वाढवून फेडायचं. दुसरं ज्ञानाचं, ते शिकून आणि शिकवून. माझा आक्षेप असा, की 'घराण्याचा वारसा' म्हणताना ऋषिऋण हळूच पितृऋणाच्या खात्यावर मांडलं जातं. फियूंनाही हा आक्षेप लागू आहे. चाखणाऱ्यांच्या समितीत नवख्याला तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. याचाच अर्थ, ही जीभ जन्माने मिळत नाही, घडवावी लागते. मग प्रमुखपद एकाच घरात का फिरावं? घरात बालपणापासून कानावर पडतं, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. तेच कान दुसऱ्या घरातल्या पोरालाही देता आले असते.

तरी एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. आज मिश्रण करणारा माणूस आपण जन्मण्याआधी कुणी भरून ठेवलेली पिंपं वापरतो, आणि स्वतः अशी पिंपं भरून ठेवतो की जी उघडतील तेव्हा तो नसेल. ज्याचं फळ आपल्याला चाखायला मिळणार नाही, ते काम नीट करणं, माझ्या लेखी वारसा हाच. त्याला आडनाव लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.