साचेखात्यात कोण नाही? : गिरणीच्या डिजिटल प्रतिकृती आणि ऐतिहासिक अचूकता

जुन्या कारखान्याचे अंतरंग संगणकावर उभे करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. लेझर स्कॅनर दालनात ठेवला की तो काही मिनिटांत लाखो बिंदूंची अंतरे मोजतो आणि त्या बिंदूंतून भिंती, खांब, यंत्रे आकाराला येतात. जिथे वास्तूच उरलेली नाही तिथे आराखडे, यंत्रनिर्मात्यांचे कॅटलॉग आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधारे ती नव्याने रचता येते. संग्रहालयांना, चित्रपटवाल्यांना, व्हिडिओ गेम करणाऱ्यांना अशा प्रतिकृती हव्या असतात, आणि त्यांच्याविषयी बोलताना 'हुबेहूब' हा शब्द सर्रास वापरला जातो. प्रस्तुत लेखात मला या हुबेहूबपणाची तपासणी करायची आहे. त्यासाठी मी कापडगिरणी हे उदाहरण घेतले आहे. ब्रिटनमध्ये तिची काही दालने जतन झाली आहेत. मुंबईत मात्र ती जवळजवळ नाहीशी झाली, आणि पुढच्या पिढीला ती बहुधा पडद्यावरच दिसतील. माझे म्हणणे थोडक्यात असे : दालनात यंत्र कुठे होते याइतकेच तिथे कोणाला उभे राहता येत होते आणि कोणाला नाही, हाही अचूकतेचाच प्रश्न आहे.

आधी मोजमापाविषयी. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क ही रॉबर्ट ओवेनच्या प्रयोगांमुळे जगाला ठाऊक झालेली सूतगिरणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही गिरणी 1968 साली बंद पडली आणि 2001 मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली. 'स्कॉटिश टेन' या प्रकल्पात तिचे लेझर स्कॅनिंग झाले. त्याच प्रकल्पात पाटणची 'रानी की वाव'ही स्कॅन झाली. आज न्यू लॅनार्कमध्ये पर्यटकांसमोर एक जुना म्यूल चालवला जातो, पण त्यावर लोकर कातली जाते. जन्मभर कापूस कातलेल्या गिरणीत आज लोकरीचे सूत निघते. यात फसवणूक काहीच नाही. यंत्र चालते ठेवण्याचा तो एक शहाणा मार्ग आहे. पण हे दालन उद्या मिलिमीटरच्या अचूकतेने स्कॅन केले, तर हाती येणारी प्रतिकृती एकविसाव्या शतकातल्या संग्रहालयाची असेल, ओवेनच्या गिरणीची नव्हे. स्कॅनर आजचा दिवस मोजतो. त्या दिवसापासून 1820 पर्यंत मागे जायचे तर अभ्यास लागतो, आणि त्या अभ्यासात कुठे काय गृहीत धरले हे बिंदूंच्या ढगात दिसत नाही.

दुसरा मुद्दा गंजाचा. 'जुना कारखाना' म्हटले की पडद्यावर गंजलेले पाइप, उघड्या लाल विटा, फुटक्या काचा आणि तिरप्या उन्हाच्या झोतात तरंगणारी धूळ दिसते. अशा दालनांचे तयार संच विकतही मिळतात. हे रूप चालत्या कारखान्याचे नाही, ते बंद पडलेल्या कारखान्याचे आहे. आपल्या पिढीने गिरण्या पाहिल्या त्या मुख्यतः पडीक अवस्थेत, म्हणून पडीकपणा हीच आपल्याला प्राचीनतेची खूण वाटू लागली. चालत्या गिरणीत यंत्राला गंज चढणे परवडत नसे. तिथे तेल, वंगण आणि पुसणी यांचे राज्य असे. भिंतींचे म्हणाल तर ब्रिटनच्या 1802 च्या कायद्यानेच गिरण्यांची दालने वर्षातून दोनदा चुन्याने धुवावीत असे सांगितले होते, आणि आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यात चौदा महिन्यांतून एकदा तरी सफेदी करण्याचे कलम होते. कायद्यात लिहिले म्हणजे ते पाळले गेलेच असे नाही. तरीही 'उघडी लाल वीट' हे गृहीत धरण्याआधी चुन्याच्या थराचा विचार करावा लागतो, एवढे यातून निश्चित होते.

उन्हाच्या झोतांचेही तसेच. विणकामाच्या दालनाचे करवतीच्या दातांसारखे छप्पर आपल्या परिचयाचे आहे. त्या दातांची काचेची बाजू उत्तरेकडे ठेवत, कारण थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा. म्हणजे ज्या छपराची रचनाच ऊन टाळण्यासाठी झाली, त्याच्याखाली प्रतिकृतीकार उन्हाचे झोत सोडतात. इथे मुंबईची एक गंमतही आहे. हे छप्पर लँकेशायरहून आले. पण मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा मुंबईच्या गिरणीत काही आठवडे, ढग नसतील तर, ऊन आत येण्याची शक्यता होती. संगणकाला अक्षांश, तारीख आणि वेळ दिली तर तो हे बिनचूक दाखवू शकतो. त्यासाठी प्रतिकृतीकाराने आधी तारीख ठरवायला हवी.

उडणाऱ्या कापसाचे उदाहरण आणखी बोलके आहे. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ' या कादंबरीवर बीबीसीने 2004 मध्ये मालिका केली. तिच्यात नायिका गिरणीचे दार उघडते आणि मागांच्या दालनात बर्फासारखा कापूस उडताना दिसतो. दृश्य विलक्षण प्रभावी आहे. पण कादंबरीतल्या बेसीची छाती पोखरली जाते ती पिंजणखात्यात. तंतू सर्वाधिक उडतात ते कापूस पिंजताना; मागांपर्यंत येतो तेव्हा तो सूत झालेला असतो, त्यावर खळ चढलेली असते, आणि तिथली धूळ बरीचशी त्या खळीची असते. दोन खात्यांची सरमिसळ झाली की दोन वेगवेगळे आजार, दोन वेगवेगळ्या मजुऱ्या आणि माणसांचे दोन वेगवेगळे गट एकमेकांत मिसळून जातात. डिजिटल प्रतिकृतींनी हा पडद्यावरचा बर्फ वारशात घेतला आहे.

आता माणसांकडे येतो. संग्रहालयांच्या प्रतिकृतींत ती बहुधा नसतातच. याचे एक कारण साधनांत आहे. कॅटलॉगला यंत्र विकायचे असते. जुन्या छायाचित्रांत दीर्घ प्रकाशनामुळे हलणारी वस्तू पुसट होई, म्हणून यंत्रे थांबवून, माणसांना बाजूला करून किंवा ताठ उभे करून चित्र घेत. व्हिडिओ गेममध्ये माणसे असतात, पण साच्यातली. 'असॅसिन्स क्रीड सिंडिकेट' हा 2015 चा खेळ 1868 च्या लंडनमध्ये घडतो आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना सोडवणे हे त्यात खेळाडूचे एक काम आहे. बालमजुरीकडे लक्ष वेधले हे चांगलेच. पण 1844 च्या कायद्याने कापडगिरण्यांत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा अशी पद्धत आणली होती आणि 1867 च्या कायद्याने कारखाना कायद्यांची कक्षा इतर उद्योगांपर्यंत वाढवली होती. त्या मुलाची मजुरी घरात लागत होती, त्याला शाळेतही जायचे होते. खेळात यातले काही उरत नाही. मुलगा दारातून बाहेर पळतो आणि काम फत्ते होते.

दालनात माणसे किती, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये 308 लँकेशायर माग जतन केलेले आहेत. तिकडच्या रूढ पद्धतीप्रमाणे एका विणकऱ्याकडे चार माग धरले तर या दालनात 77 विणकर उभे राहतील. मुंबईच्या जुन्या पद्धतीने दोन-दोन माग दिले तर 154. यंत्रे तीच, जागा तीच, आणि माणसे दुप्पट. हा आकडा कोणी सहज ठरवलेला नव्हता. मुंबईत दोनाऐवजी तीन माग देण्याचे धोरण हे 1928 च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाचे एक मोठे कारण होते. बर्नलीत 1931 साली अधिक मागांच्याच प्रश्नावर झगडा पेटला. म्हणून रिकाम्या दालनाची प्रतिकृती तटस्थ नसते. ज्या गोष्टीवर भांडण झाले तीच तिने वगळलेली असते.

वर्षाचा प्रश्नही इथेच येतो. मुंबईत दावरांची पहिली गिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली तेव्हा वाफेच्या इंजिनावर अख्खी गिरणी फिरे. छताखालून लांबच लांब शाफ्ट जात आणि त्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे उतरत. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली आणि गिरण्या हळूहळू विजेकडे वळल्या. छताखालचे पट्ट्यांचे जंगल दाखवायचे की मोटारी, हे 'विंटेज' या एका शब्दाने ठरत नाही. कामगारांच्या बोलीत मात्र जुन्या यंत्रांची नावे टिकून राहिली. कातकामाच्या खात्याला ते 'त्रासन' म्हणत; हा शब्द थ्रॉसल या आधीच्या यंत्राच्या नावावरून आलेला. आत रिंग फ्रेम आल्या तरी नाव तेच राहिले. मागाला ते साचा म्हणत आणि विणकामाच्या खात्याला साचेखाते.

या साचेखात्यातच माझ्या मते डिजिटल अचूकतेची खरी कसोटी आहे. मागात आडवे सूत नेतो तो धोटा. त्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचे. हे काम विणकर धोट्याला तोंड लावून, सूत श्वासाने ओढून करत. लँकेशायरमध्येही हीच रीत होती आणि तिथे तिची चर्चा आरोग्याच्या अंगाने झाली. मुंबईत तिला दुसराच अर्थ आला. ज्या धोट्याला एकाने तोंड लावले त्याला दुसऱ्यानेही लावायचे, म्हणून सवर्ण विणकऱ्यांनी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ दिले नाही. विणकऱ्याची मजुरी इतर अनेक खात्यांपेक्षा चांगली होती, आणि तिचे दार या कामगारांना बंद राहिले. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि साचेखात्यात प्रवेशाची मागणी लावून धरली.

आता समजा, कोणी 1925 सालच्या मुंबईतल्या साचेखात्याची प्रतिकृती केली. मागाचा प्रत्येक स्क्रू बरोबर आहे, धोट्याचे लाकूड बरोबर आहे, त्याचे छिद्रही मापात आहे. हा धोटा ओठांपाशी नेणारा माणूस दाखवला नाही तर त्या छिद्राचे महत्त्व कळणार नाही. आणि तो माणूस दाखवला तरी जो दाराबाहेर राहिला तो दिसणार नाही. जे दालनात नाही ते स्कॅनरला सापडत नाही, छायाचित्रात येत नाही, कॅटलॉगमध्ये तर नसतेच. ते सापडते चौकशी समित्यांपुढच्या साक्षींत, चळवळीच्या कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणींत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास म्हणूनच प्रतिकृतीकाराने यंत्राच्या आराखड्याइतक्या गंभीरपणे हाती घ्यायला हवा. मराठी साहित्याने चाळ, खानावळ, नाका यांचे गिरणगाव भरपूर दिले. मामा वरेरकरांनी कादंबरीला 'धावता धोटा' असे नाव दिले खरे, पण एकूण माझ्या वाचनात भोंग्यानंतर फाटकाच्या आत जाणारे लेखन कमीच आले. ती उणीव पडदा भरून काढेल असे मानण्याचा मोह होतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की प्रतिकृती हे दृश्य माध्यम आहे. तिच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा करू नये. मला हे पटत नाही. याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी 2006 मध्ये 'लंडन चार्टर' नावाची तत्त्वावली तयार केली आणि 2009 मध्ये ती सुधारली. प्रतिकृतीत पुरावा कोणता, अनुमान कोणते आणि निव्वळ कल्पना कोणती हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, आणि हे निर्णय का घेतले त्याची नोंद प्रतिकृतीसोबत राहिली पाहिजे, असे ती सांगते. या नोंदीला 'पॅराडेटा' म्हणतात. माझी मागणी याच्या फार पलीकडची नाही. 'या भिंतीचा रंग अनुमानाने दिला आहे' अशी नोंद करता येते, तर 'या दालनात अमुक समाजाच्या कामगारांना प्रवेश नव्हता, म्हणून इथे ते दाखवलेले नाहीत' अशीही करता येते. पाहणाऱ्याला 1925 निवडल्यावर दोन साच्यांमागे एक माणूस दिसावा, साचे वाढवले की माणसे कमी होताना दिसावीत. वायंडिंगखात्यात बायका का आणि साचेखात्यात का नाहीत, हे त्याला विचारता यावे. तांत्रिकदृष्ट्या हे उन्हाचे झोत दाखवण्यापेक्षा कठीण नाही.

मुंबईच्या बाबतीत हे तातडीचे आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, यंत्रे भंगारात गेली, जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. अशा ठिकाणी उद्या डिजिटल दालने होतील, व्हायलाही हवीत. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे आहे. 1925 ची नाही, पण सत्तरच्या दशकातल्या खात्यांची साक्ष तो अजून देऊ शकतो : कोणत्या खात्यात उकाडा किती असे, बोलणे कुठे ऐकू येई आणि कुठे नुसत्या खुणा चालत, पाणी कोण कुठे पीत असे. प्रतिकृती पूर्ण झाल्यावर उद्घाटनाला त्याला बोलावण्यापेक्षा, ती अर्धवट असतानाच त्याला पडद्यासमोर बसवावे, तो 'हे असं नव्हतं' म्हणेल ते लिहून घ्यावे, आणि त्याचे आणि आराखड्याचे पटत नसेल तर दोन्ही प्रेक्षकाला दाखवावे.