सुराचा रंग : अनुभव, संकेत आणि प्रतिमा

भजन रंगले, मैफल रंगली, असे आपण सहज म्हणतो. 'राग' हा शब्दही रंगविणे या अर्थाच्या 'रञ्ज्' धातूपासून आलेला. पेटीवाला 'काळी दोन' म्हणतो तेव्हा मात्र तो पट्टीचा रंग सांगत असतो, सुराचा नव्हे. नादाविषयीची आपली भाषा रंगाने इतकी माखलेली आहे की, ज्याला सुरात खरोखरच रंग दिसतो त्याच्यासाठी वेगळा शब्द उरत नाही. प्रस्तुत लेखकाचा हा स्वानुभव आहे. लालबागच्या चाळीत एकादशीच्या भजनाला पेटीचा पंचम लागला की डोळ्यांपुढे शेवाळी पट्टा पसरे, आजही पसरतो. विद्यार्थिदशेत एका निबंधात तसे लिहिले तेव्हा 'अलंकार चांगला' असा शेरा मिळाला. तो अलंकार नव्हता.

या शेऱ्यामागे समीक्षेतील एक जुना गोंधळ आहे. 'सिनेस्थेशिया' या संज्ञेखाली आपण तीन भिन्न गोष्टी एकत्र करतो.

पहिली, प्रत्यक्ष सहसंवेदन. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये ग्रंथबद्ध केलेल्या अशा नोंदींपासून एक गोष्ट स्पष्ट आहे : हे रंग त्या त्या व्यक्तीपुरते स्थिर असतात, पण व्यक्तिगणिक बदलतात. 'सी मेजर' रिम्स्की-कोर्साकॉव यांना पांढरा, तर स्क्रिआबिन यांना तांबडा.

दुसरी, शास्त्रसंकेत. भरताने शृंगाराला श्याम, करुणाला कपोतवर्ण दिला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने षड्जाला कमळाचा, मध्यमाला कुंदाचा, पंचमाला काळा वर्ण सांगितला. ही कोणाच्या डोळ्यांची साक्ष नव्हे. त्याच मांडणीत स्वरांना कुळ, वर्ण, देवता आणि द्वीपही मिळतात. रंग हे त्या विश्वरचनेतील एक घर आहे.

तिसरी, साहचर्य. लालबागमध्ये वाढलेल्याला ताशा ऐकताच गुलाल आठवतो. मिरची गल्लीतून गेलेल्याला डंक्याचा ठोका लाल वाटतो. हे साहचर्य उपजत नाही, ते वस्तीने शिकविलेले आहे, आणि म्हणूनच शेजाऱ्यालाही ते ठाऊक असते.

आता प्रश्न असा की, कवितेच्या कामी यांपैकी काय येते? येथे मर्ढेकरांचा सिद्धान्त उपयोगी पडतो, पण अडचणीतही येतो. संगीताचे माध्यम नादसंवेदना, चित्राचे रंगसंवेदना, आणि संवाद-विरोध-समतोल या लयतत्त्वांनी त्यांची संघटना, अशी त्यांची मांडणी. सहसंवेदकाच्या अनुभवात मात्र नाद आणि रंग वेगळे येतच नाहीत. तरीही त्यामुळे संगीतकृतीचे माध्यम बदलते असे म्हणता येणार नाही. माझा शेवाळी पट्टा त्या भजनाचा घटक असता, तर शेजारी बसलेल्या टाळकऱ्याने ते भजन अपुरेच ऐकले असे म्हणावे लागेल. आणि ते उघडच खोटे आहे. अडचण आहे ती शुद्ध संवेदना हा अनुभवाचा सर्वांना समान असा पाया मानण्यात. तो पायाच माणसागणिक वेगळा असू शकतो.

उलट, साहित्याच्या संदर्भात मर्ढेकरांनी सांगितलेली भावनानिष्ठ समतानता येथे अधिक निर्णायक ठरते. 'शेवाळी पंचम' एवढे लिहिल्याने कविता होत नाही. ते एका मेंदूविषयीचे खरे विधान आहे, इतकेच. त्या शेवाळात चाळीच्या मोरीजवळची ओल, रात्रपाळीला गेलेल्या माणसांची रिकामी जागा आणि पहाटे थकलेला सूर यांचा भाव एकवटला, तरच वाचक त्यात येऊ शकतो. म्हणजे सर्वांत अस्सल अनुभव वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत मुका, आणि वस्तीकडून उसना मिळालेला ताशाचा लाल रंग अधिक बोलका, असा हा विरोधाभास आहे.

तेव्हा एखाद्या ओळीत दोन इंद्रिये एकत्र आली की लगेच ही संज्ञा चिकटवणे अभ्यासकाने टाळावे. हा रंग दिसलेला आहे, पोथीतून आलेला आहे की गल्लीतून, हे आधी विचारावे. माझ्या निबंधावरचा तो शेरा चुकीचा होता. पण ते वाक्य साहित्य झाले नव्हते, हेही तितकेच खरे.