स्नायु, पेशी आणि मज्जा : मराठी शारीरपरिभाषेचें परीक्षण

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं, महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. खेड्यांत राहून खेड्यांसाठीं डॉक्टर घडवावा हा त्याचा हेतु. निरनिराळ्या प्रांतांतून येथें विद्यार्थी येतात. शरीररचनेचा अभ्यास ते इंग्रजींतून करतात आणि त्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेऊन तेथील कुटुंबांची विचारपूस करिते. यामुळें अवयवांचीं नांवें विद्यार्थ्यास तीन रूपांत भेटतात : पुस्तकांतील लॅटिन व ग्रीक वळणाच्या इंग्रजींत, कोशांतील संस्कृतजन्य मराठींत व हिंदींत, आणि शेतकऱ्याच्या तोंडच्या बोलींत. या तिहींचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ वैद्यांचा दिसतो. परंतु त्याची गुंतागुंत जुन्या ग्रंथांतील शब्दांपासून सुरू होते, म्हणून पोथ्यांच्या अभ्यासकांनींहि त्यांत लक्ष घालणें अवश्य आहे.

पाश्चात्य शारीर देशी भाषांत आणण्याचा उद्योग जुना आहे. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें व १८६१ सालीं तेथें मराठी व गुजराती वर्ग निघाले. कविराज गणनाथ सेन यांनीं १९१३ सालीं ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करून प्राचीन संज्ञा व नवें शवच्छेदन यांची सांगड घालण्याचा यत्न केला. १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयानें पुढें शास्त्रवार परिभाषाकोश तयार केले. हे श्रम मोठे आहेत आणि त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. तथापि या सर्व खटाटोपांत एक दोष राहून गेला, आणि तो लहान नाहीं. जुने शब्द घेतले, त्यांत नवा अर्थ भरला, पण अर्थ बदलल्याची खूण मात्र कोठें ठेविली नाहीं.

उदाहरणें पाहूं. सुश्रुतानें शारीरस्थानांत ३०० अस्थि, २१० संधि, ९०० स्नायु, ५०० पेशी, ७०० सिरा व २४ धमनी सांगितल्या आहेत. तेथें पेशी म्हणजे मांसाचा पृथक् पिंड, इंग्रजींतील मसल; आणि स्नायु म्हणजे सांधे बांधून ठेवणारा चिवट बंध. आजच्या मराठी शालेय पुस्तकांत मसलला स्नायु म्हणतात आणि पेशी हा शब्द सेल या अर्थीं योजितात. मज्जा हा प्राचीन सप्तधातूंपैकीं एक, म्हणजे हाडांतील मगज. आजच्या मराठींत मज्जासंस्था म्हणजे मेंदू व त्यापासून निघणारे तंतु यांची व्यवस्था. असे तीन अत्यंत महत्त्वाचे शब्द आपापलीं घरें सोडून दुसऱ्याच्या घरीं राहावयास गेले आहेत.

वर्ध्यास हा घोटाळा विशेष जाणवावा असें कारण आहे. हें गांव हिंदीचेंहि केंद्र आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिति येथें १९३६ सालीं निघाली आणि आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ सालीं. आतां हिंदींत पेशी म्हणजे मसलच राहिली, सेलला कोशिका म्हणतात, आणि स्नायु हा शब्द सामान्य हिंदी लेखनांत नर्व्ह या अर्थीं चालतो. मराठी रोग्यानें ‘स्नायु दुखतात’ असें सांगितलें, तर हिंदीभाषी विद्यार्थी नसेच्या विकाराचा तर्क करील. लिपि एक, शब्द एक, मूळहि एक; अर्थ मात्र दोन. परका शब्द निदान आपण परका आहों हें सांगतो; हा ओळखीचा चेहरा घेऊन फसवितो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजीं भोपाळ येथें वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचीं हिंदी पुस्तकें प्रसिद्ध झालीं. मराठींत तसा उद्योग करावयाचा झाल्यास हा हिशेब प्रथम मिटविला पाहिजे.

पोथ्यांच्या संपादकास तर याहून मोठा धोका आहे. एखाद्या वैद्यकाच्या बाडांत पेशी हा शब्द आला आणि संपादकानें चालू कोश पाहून टीप दिली, तर प्राचीनांस सेलचें ज्ञान होतें असा निष्कर्ष सहज निघेल. वास्तविक सेल हें नांव रॉबर्ट हुकनें १६६५ सालीं बुचाच्या कापांत दिसलेल्या कप्प्यांस दिलें, आणि सर्व प्राणिशरीर अशा घटकांचें बनलेलें आहे हा सिद्धांत १८३९ सालीं श्वाननें मांडला. अभिमानानें केलेली अशी एक टीप शंभर लेखांत उतरते आणि मग ती पुसून टाकणें कठीण होतें.

शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यांत कोशकारांचा काय अपराध, असा आक्षेप येईल. अर्थ बदलण्यास आमची हरकत नाहीं, आणि रूढ झालेला स्नायु आतां मागें फिरविणें शक्यहि नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोशानें जुना अर्थ, नवा अर्थ व शेजारच्या भाषेंतील अर्थ हे तिन्ही एकाच ठिकाणीं द्यावे.

दुसरी उणीव याहून निराळी आहे. कोशकारांनीं संस्कृत भांडार धुंडाळलें, पण घरच्या शब्दांकडे पुरेसें पाहिलें नाहीं. इंग्रजी शारीराचे शब्द भारदस्त वाटतात. फोड करून पाहतां ते स्वयंपाकघरांतले व अंगणांतलेच निघतात. पटेला म्हणजे लॅटिन भाषेंत लहान ताटली. आमच्याकडे ती गुडघ्याची वाटी. टिबिया म्हणजे पांवा. आम्ही पायाची नळी म्हणतों. गॅस्ट्रॉक्नेमियस या ग्रीक शब्दांत पायाचें पोट आहे, आणि आमच्या पोटरींतहि पोटच दिसतें. प्यूपिल म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली. मराठींत डोळ्याची बाहुली प्रसिद्ध आहे आणि संस्कृत कनीनिकेचा अर्थहि तोच. मसल म्हणजे उंदराचें पिल्लूं. आमचा गडी दंड फुगवून बेटकुळी, म्हणजे बेडकी, काढून दाखवितो. क्लॅव्हिकल ही लहानशी किल्ली. आमची हांसळी गळ्यांतल्या दागिन्याची नांवबहीण. हें साम्य उसनवारीचें नसून दोन्ही लोकांनीं शरीराकडे सारख्याच डोळ्यांनीं पाहिल्याचें आहे. नवशिक्यास इंग्रजी नांवें पाठ करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं, आणि त्याच वाटेनें तो रोग्याच्या बोलीपर्यंतहि पोंचतो.

मात्र बोलीची मर्यादा सांगितली पाहिजे. शीर हा एक शब्द लोक रक्तवाहिनी, नस व कंडरा या सर्वांस लावितात. काळीज मुळांत यकृत, संस्कृत कालेय. पण बोलण्यांत तें हृदय झालें. ‘काळजांत कळ येते’ म्हणणाऱ्या रोग्यास डॉक्टरानें हात ठेवून जागा दाखवावयास सांगितलेंच पाहिजे. येथें शास्त्रीय संज्ञेवांचून गत्यंतर नाहीं.

तेव्हां संग्राहकांस विनंति अशी. आपल्या बाडांत वैद्यकाचे नुसखे, शालिहोत्राच्या पोथ्या, जखमांचीं वर्णनें असलेले मोडी कागद असतील. त्यांतील अवयवांचीं नांवें जशींच्या तशीं, संदर्भ व काळ यांसह उतरून घ्यावीं आणि आजच्या कोशावरून त्यांचा अर्थ लावूं नये. मोल्सवर्थनें १८३१ व १८५७ च्या आवृत्त्यांत बोलींतील पुष्कळ शब्द वांचविले. त्यापुढचें काम आपलें आहे. म्हाताऱ्या सुइणी, हाडवैद्य व गुराखी यांच्याबरोबर हे शब्द जात आहेत. पोथी कपाटांत कांहीं काळ टिकते; बोलींतला शब्द बोलणाऱ्यापलीकडे टिकत नाहीं.